रिकामी अंबारी



दिल्लीला पोस्टिंग आल्यापासून गावाकडचा प्रत्येक माणूस फोनवर एकच विचारायचा, "पानिपतला जाऊन आलास का?" लाल किल्ला, कुतुबमिनार कुणी विचारत नव्हतं. आपल्याकडं दिल्ली म्हटलं की त्याच्या पुढचं गाव पानिपतच. शेवटी जानेवारीत संक्रांतीच्या दिवशी सुट्टी टाकली आणि पहाटे निघालो. जीटी रोडनं नव्वदेक किलोमीटर. एरवी दोन तासांचा रस्ता, पण त्या दिवशी धुकं इतकं होतं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेसुद्धा दहा हातांवर आल्याशिवाय दिसेनात. सोनीपत ओलांडेपर्यंत चालकानं काच खाली करून कानानंच गाडी चालवली म्हणा ना.

काला आंब शहरापासून आठेक किलोमीटरवर आहे. आता तिथं ते झाड नाही. ते कधीच वठलं, आणि त्याच्या लाकडाची दारं करून ठेवली आहेत, ती पानिपतच्या वस्तुसंग्रहालयात बघायला मिळतात. जागेवर आहे तो विटांचा स्तंभ, भोवती कठडा आणि बाग. संक्रांतीला तिथं शौर्यदिन होतो. महाराष्ट्रातून बसगाड्या येतात, भगवे फेटे दिसतात, ढोल वाजतात. आजूबाजूच्या गावांतली रोड समाजाची माणसंही येतात. आमचे पूर्वज त्या लढाईतून वाचलेले मराठे, असं ते सांगतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या बोलण्यावरून ओळखलं आणि हात हातात धरून विचारलं, "दक्खनहून आलात?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ हात सोडेना.

आता लढाईविषयी. पानिपतावर मराठीत इतकं लिहिलं गेलंय की माझ्यासारख्यानं नवीन काही सांगावं असं नाही. पण माझी सगळी नोकरी सिग्नल्समध्ये गेली. केबल टाकणं, एक्सचेंज सांभाळणं, सेट चालू ठेवणं, निरोप इकडून तिकडं पोचवणं. त्यामुळं कुठल्याही लढाईबद्दल वाचताना माझ्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो. या फौजेत बातमी कशी फिरत होती? कुणाला काय माहीत होतं, आणि ते कुणी सांगितलं? त्या प्रश्नानं मी पानिपत पुन्हा वाचलं. जे दिसलं ते आज लिहितो.

आधी पत्रं थांबली

१७६० च्या ऑक्टोबरात सदाशिवरावभाऊंनी कुंजपुरा घेतला. तोवर सगळं ठीक होतं. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडं आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता अडला. भाऊ पानिपतला खंदक खणून बसले. तिथून पुढं अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर. आधी रसद आटली, मग पैसा आटला. ७ डिसेंबरला बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात अब्दालीच्या मागची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले.

या सगळ्याबरोबर तिसरी गोष्ट आटत होती, ती म्हणजे बातमी. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्रीच्या अंधारात वाट चुकली आणि आपलीच छावणी समजून थेट अफगाणांच्या गोटात शिरली. मराठीत बोलल्यामुळं ओळखू आली आणि कापली गेली. मी त्या दिवशी धुक्यात बसून हाच प्रसंग आठवत होतो. आपला कॅम्प कुठं आणि शत्रूचा कुठं, हे विचारायलासुद्धा माणूस मिळू नये अशी ती अवस्था.

छावणीत फक्त लढवय्ये नव्हते. हजारोंनी यात्रेकरू होते. फौजेच्या सोबतीनं कुरुक्षेत्र, मथुरा, काशी घडेल म्हणून आलेली मंडळी. सरदारांच्या बायका, लेकरं, बाजारबुणगे, दुकानदार. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या, विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. या लोकांना रोज काय कळत असेल? धान्य संपत आलंय हे पोटाला कळत होतं. बाकी सगळं ऐकीव.

शेवटी १४ जानेवारीच्या पहाटे, उरलंसुरलं धान्य खाऊन, तोंडाला हळद फासून फौज बाहेर पडली. निघण्याआधी भाऊंनी काशीराज पंडिताला स्वतःच्या हातानं चिठ्ठी लिहिली. हा काशीराज मूळचा दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी शुजाउद्दौल्याकडं, म्हणजे समोरच्या बाजूला. चिठ्ठीचा आशय असा, की प्याला आता काठोकाठ भरला आहे, काही होण्यासारखं असेल तर आत्ता करा, नाहीतर तसं स्पष्ट कळवा, कारण यापुढं लिहायला बोलायला वेळ राहणार नाही. सिग्नलच्या माणसाला हे वाचताना गलबलून येतं. शेवटची ओळ बंद होण्याआधी पाठवलेला तो शेवटचा निरोप होता.

दुपारी दोन्ही बाजू पळाल्या

आपण शाळेत शिकलो ते असं, की विश्वासराव पडले आणि मराठे पळाले. पण त्या दिवशी आधी पळाले ते अफगाण, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

सकाळी डाव्या बगलेवर इब्राहिमखान गारद्यानं रोहिल्यांची दाणादाण उडवली. मध्यावर भाऊ आणि विश्वासराव हुजुरातीसह वजीर शाहवलीखानावर तुटून पडले आणि अफगाणांची मधली फळी फाटली. काशीराजानं लिहून ठेवलंय की त्यानं वजिराला घोड्यावरून खाली उतरलेला पाहिला. संतापानं तो तोंडात माती घालत होता आणि पळणाऱ्या आपल्या माणसांना ओरडून विचारत होता, की आपला मुलुख इथून किती दूर, पळून जाणार कुठं? म्हणजे दुपारच्या सुमाराला घबराट होती ती त्यांच्याकडं.

मग काय झालं? अब्दाली स्वतः फळीत नव्हता. तो मागं होता, सगळीकडच्या खबरा घेत. माणसं मागं येताहेत हे कळताच त्यानं आपले नसकची सोडले. नसकची म्हणजे आजच्या भाषेत फौजेतले पोलीस. शेकडो नसकची दोन कामांवर गेले. काही जणांनी छावणीत दडलेल्या हत्यारबंद माणसांना हाकलून बाहेर काढलं, आणि बाकीच्यांनी रणातून पळून येणाऱ्यांना वाटेत अडवलं. फिरला तर ठीक, न फिरला तर तिथंच कापा, असा हुकूम. हजारो माणसं परत फळीत उभी राहिली, त्यांच्या जोडीला ताजी राखीव फौज आली, आणि लढाईचा रंग बदलला.

आता आपल्या बाजूला बघू. भाऊ फौजेच्या मध्यभागी. हत्तीवरची अंबारी आणि जरीपटका हीच त्या फौजेची खूण. काही कोस पसरलेल्या फळीत धूळ, धूर, तोफांचा आवाज. निरोप्या घोडेस्वार पोचेल की नाही याचा भरवसा नाही. अशा वेळी लांबच्या शिपायाला एवढंच बघायचं असतं, अंबारी दिसते ना? दिसते म्हणजे मालक आहे. मालक आहे म्हणजे लढाई आहे.

दुपारी दोन-तीनच्या सुमारास विश्वासरावांना गोळी लागली. विशीसुद्धा ओलांडली नव्हती त्यांनी. भाऊंनी देह हत्तीवर ठेवायला सांगितला आणि स्वतः घोड्यावर बसून गर्दीत घुसले. माणूस म्हणून बघितलं तर दुसरं काय करणार? मुलासारखा पुतण्या गेलेला. त्यांचं स्वतःचं वय तरी किती, तीस. पण मागून बघणाऱ्याला काय दिसलं? भाऊ हत्तीवर नाहीत. पेशव्यांचा मुलगा पडला, भाऊही पडले! ही बातमी निम्मी खरी होती आणि निम्मी खोटी, आणि त्या क्षणी खोटी निम्मी खरीपेक्षा जास्त घातक होती. भाऊ त्यानंतरही घोड्यावरून लढत होते. काशीराज म्हणतो सुमारे अर्धा तास. पण ते लढताहेत हे पाहणारे त्यांच्या आसपासचे थोडेच होते.

त्यात आणखी भर पडली. कुंजपुऱ्याच्या वेळी हाती लागलेले काही अफगाण मराठ्यांनी चाकरीत घेतले होते आणि ओळखीसाठी त्यांना भगवं फडकं बांधायला दिलं होतं, असं मराठी परंपरेत सांगतात. विश्वासराव पडल्याची हाक उठताच त्यांनी फडकी फेकली, मराठे पळाले अशी बोंब ठोकली आणि पिछाडीला लूट सुरू केली. पुढच्या फळीला वाटलं, शत्रू मागून आला. काशीराजानं लिहिलंय की मग एकाएकी, जादू व्हावी तशी, सगळी मराठी फौज पाठ फिरवून पळत सुटली. तो समोरच्या बाजूनं बघत होता, त्याला ती जादू वाटली. जादू नव्हती ती. अंबारी रिकामी दिसल्यापासून तोवर फौजेला खरं सांगणारा कुणी उरला नव्हता, एवढंच.

गैरसमज नको. फक्त अफवेनं पानिपत झालं असं मी म्हणत नाही. उपाशी माणसं, मोडलेली घोडी, उंटांवरच्या जंबुरक्यांचा मारा, आपल्याकडं राखीव फौज नसणं, गारद्यांच्या तोफांपुढं आपलेच घोडेस्वार येणं, ही कारणं आहेतच आणि ती मोठी आहेत. माझं म्हणणं एवढंच की घबराट दोन्हीकडं झाली. एका बाजूला ती अडवायला माणसं नेमलेली होती आणि त्यांना हुकूम देणारा जागेवर होता. दुसऱ्या बाजूला हुकूम देणारा स्वतः घोड्यावर बसून गर्दीत गेला. 'भाऊगर्दी' हा शब्द त्याच क्षणातून आला असं म्हणतात. आपण तो लग्नाच्या पंगतीसाठी वापरतो.

मल्हारराव होळकरांचंही तेच. ते मैदान सोडून गेले म्हणून गावागावांतल्या पारावर आजही त्यांचा निकाल लावला जातो. पण भाऊंकडून त्यांना निरोप गेला होता, ठरलंय तसं करा, असं काशीराज सांगतो. तो निरोप बायकांना घेऊन निघण्याचा होता, की आणखी कसला? ज्यानं दिला तो संध्याकाळपर्यंत उरला नाही. ज्याचा साक्षीदार नाही अशा निरोपावर एका सरदाराची अब्रू अडीचशे वर्षं लटकली आहे. म्हणून तर आम्ही प्रत्येक निरोप वेळेसह वहीत लिहितो.

लंगरातली बातमी

इथं मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर लिहिली नव्हती.

२००२ चा जानेवारी. संसदेवरच्या हल्ल्यानंतर ऑपरेशन पराक्रम सुरू झालेलं. सगळी फौज सरहद्दीवर. मी लान्स नायक होतो, राजस्थानात एका छोट्या एक्सचेंजवर. सगळीकडं सुरुंग पेरायचं काम चाललं होतं. एका संध्याकाळी लंगरात, डाळीच्या डेगीपाशी कुणीतरी म्हणालं, "तिकडं माइन फुटली. बरीच पोरं गेली म्हणे." कुठं, कोण, काही नाही. त्याच रात्री लाईन जोडताना अर्धं वाक्य कानावर पडलं. त्यात एका पलटणीचा उल्लेख होता. माझ्या शेजारच्या गावातला एक मित्र त्या पलटणीत होता. आम्ही एकाच भरतीला धावलो होतो.

दोन दिवसांनी मला जवळच्या गावात जायला मिळालं. एसटीडीच्या बूथवर रांग होती. घरी थोरल्या भावाशी बोललो आणि ठेवता ठेवता म्हणालो, "त्याच्या पलटणीत काहीतरी झालंय. तू मात्र कुणाला बोलू नकोस."

"बोलू नकोस" म्हटलेली गोष्ट किती वेगानं पळते ते तुम्हाला माहीत आहे. रात्रीपर्यंत त्याच्या गावात तो गेल्याची बातमी झाली होती. दोन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. बापानं अंथरूण धरलं. लग्नाला पाच महिने झालेली त्याची बायको. आळीतल्या दोन म्हाताऱ्या तिच्या बांगड्या उतरवायला म्हणून येऊन बसल्या. त्याची आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तार येऊ दे. सरकारचा कागद येऊ दे. तवर माझ्या सुनंच्या हाताला कुणी हात लावायचा न्हाई."

तिसऱ्या दिवशी किराणा दुकानात फोन आला. फोन त्याचाच होता. माइन फुटली होती हे खरं. दोन जवान जखमी झाले होते, तेही दुसऱ्या कंपनीतले. तो त्या दिवशी पाण्याच्या गाडीबरोबर गेला होता.

पुढच्या सुट्टीत मी त्यांच्या घरी गेलो. पाया पडलो. त्याचे वडील रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं बाबा. पर तू फौजेतला. तुला ठावं असणार, असं वाटलं." मी काहीच खोटं बोललो नव्हतो. "काहीतरी झालंय" एवढंच म्हणालो होतो. त्या वाक्यात उरलेलं सगळं गावानं आपल्या भीतीनं भरलं.

खूप वर्षांनी मला मार्क ब्लॉक नावाच्या फ्रेंच इतिहासकाराविषयी वाचायला मिळालं. पहिलं महायुद्ध तो पायदळात लढला, सार्जंटचा कॅप्टन झाला, आणि १९२१ साली त्यानं युद्धातल्या खोट्या बातम्यांवर निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्याला गोळ्या घातल्या. तो म्हणतो, सेन्सॉरमुळं खंदकातल्या शिपायाचा छापील कागदावरचा विश्वास उडाला आणि माणसं पुन्हा तोंडी बातमीवर जगू लागली. या बातम्या फिरायच्या कुठून, तर जेवणाच्या गाड्यांपाशी, कारण वेगवेगळ्या तुकड्यांची माणसं तिथंच भेटायची. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. मला ती डाळीची डेग दिसली. त्याचं दुसरं म्हणणं असं, की खोटी बातमी कोऱ्या मनात उगवत नाही. जी भीती आधीच मनात असते तिलाच ती कारण पुरवते.

अमेरिकेत १८६२ साली असंच झालं. मिनेसोटा राज्यात कराराचे पैसे वेळेवर न मिळाल्यानं उपाशी राहिलेल्या डकोटा लोकांनी उठाव केला, न्यू अल्म गावावर हल्ले झाले. लढाई होती ती एका भागात. पण माळरानावरची गोऱ्या वसाहतवाल्यांची गावंच्या गावं, जिथं एकही हल्लेखोर फिरकला नव्हता तिथलीसुद्धा, गुरं पिकं टाकून बैलगाड्यांतून पळाली. पानिपतच्या यात्रेकरूंपेक्षा ती माणसं वेगळी नव्हती. परक्या मुलखात आलेली, लेकराबाळांसह, आणि खरं काय ते सांगायला कुणी नाही. फरक एवढाच की पानिपतच्या यात्रेकरूंमागं खरोखरच कापणारे होते. छावणीतून पळालेल्यांपैकी जे वाचले त्यांतले पुष्कळजण सूरजमल जाट आणि राणी किशोरीच्या आसऱ्यानं वाचले. त्यांनी अन्न दिलं, कपडे दिले, जखमी सांभाळले. आपण ते विसरू नये.

पुण्यातली बावीस वर्षं

लढाई एका दिवसात संपली. बातमीची लढाई पुढं बावीस वर्षं चालली.

नानासाहेब पेशवे मदत घेऊन उत्तरेकडं निघाले होते. २४ जानेवारीच्या सुमारास ते भेलशाला, म्हणजे आजच्या विदिशाला होते. तिथं एका सावकाराचा जासूद सापडला. त्याच्याजवळच्या पत्रात मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत नुकसानीचा हिशेब होता. दोन मोती गळाले म्हणजे कोण, हे पेशव्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसेल. एका राज्याच्या धन्याला आपल्या मुलाचं आणि भावाचं मरण सावकाराच्या डाकेतून कळलं. त्याची स्वतःची डाक तुटली होती, सावकाराची चालू होती. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले.

भाऊंचं काय? विश्वासरावांचा देह शुजानं मागून घेतला आणि दहन झालं. भाऊंचं धड दुसऱ्या दिवशी मढ्यांच्या राशीत सापडलं, शीर नव्हतं. अंगावरच्या खुणांवरून ओळख पटवून दहन केलं गेलं. शीर नंतर मिळालं, त्याचं वेगळं दहन झालं. काशीराज या सगळ्याला हजर होता. पण हे पुण्यापर्यंत पोचलं कसं असेल? शीर नसलेला देह, परक्यांच्या छावणीत पटलेली ओळख. पार्वतीबाई पानिपतातून जिवंत परतल्या होत्या. त्यांनी ते मानलं नाही. त्या शेवटपर्यंत सवाष्णीसारख्या राहिल्या.

आणि जिथं खरी बातमी मानली जात नाही तिथं दुसरी येऊन बसते. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण मीच सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन तो कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीला रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढलं आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, हजारो माणसं त्याच्या निशाणाखाली जमली. यांतले सगळे लबाड नव्हते. पंधरा वर्षं ज्या घरातली माणसं परत आली नव्हती त्यांच्यासाठी भाऊ परत येणं म्हणजे काय होतं? भाऊ जिवंत असतील तर आपला थोरलाही कुठंतरी असेल. शेवटी महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, तो आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. ज्यानं त्याला मोडलं तो महादजी स्वतः पानिपतात पाय जायबंदी होऊन, राणेखान भिस्त्यानं उचलून आणला म्हणून वाचलेला.

१७८३ मध्ये पार्वतीबाई गेल्या. तेव्हा त्यांच्याबरोबरच भाऊंचंही उत्तरकार्य झालं. लढाईनंतर बावीस वर्षांनी.

माझ्या मित्राच्या आईनं सरकारचा कागद मागितला आणि तिचा मुलगा परत आला. पार्वतीबाईंना ज्याच्यावर विश्वास ठेवावा असा कागद कधी मिळालाच नाही. दोघींनी केलं एकच. मी त्या म्हाताऱ्या आईला अडाणी समजत होतो. आता वाटतं, त्या सगळ्या गावात सिग्नलचा नियम तिला एकटीला माहीत होता. निरोप कुणाचा, कुठून आला, शिक्का कुठं आहे?

परतताना

दुपारी धुकं विरलं. काला आंबच्या पलीकडं गव्हाची शेतं लांबवर हिरवी दिसत होती. इतकं सपाट मैदान की उंच काही दिसलं तर लांबूनच दिसावं. मी उगाच अंदाज घेत होतो, एक हत्ती इथून किती अंतरावरून दिसेल.

आता आमच्याकडं मोबाइल आहेत. पोरं सरहद्दीवर काही झालं की पाच मिनिटांत घरी कळवतात, आणि त्याहून आधी घरच्यांना व्हॉट्सअॅपवर कुठला तरी व्हिडिओ पोचलेला असतो. नवीन पोरं युनिटमध्ये आली की रोल कॉलनंतर मी त्यांना ही लान्स नायकाची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, पण लान्स नायक कोण ते त्यांना कळतं. सांगतो की घरी फोन कराल तेव्हा जेवढं स्वतः पाहिलं तेवढंच सांगा, आणि "काहीतरी झालंय" हे वाक्य कधी वापरू नका. त्यापेक्षा आज काय जेवलो ते सांगा. आणि कधी तुकडी तुमच्या हाताखाली आली, तर काहीही होवो, पोरांना तुमचा आवाज ऐकू येत राहू दे. बातमी वाईट असली तरी ती तुमच्याच तोंडून त्यांना कळू दे.

तो मित्र आता रिटायर होऊन गावी द्राक्षबाग करतो. संक्रांतीच्या दिवशी संध्याकाळी परतताना त्याचा फोन आला, तिळगूळ घ्या म्हणून. मी म्हटलं, पानिपतला आलो होतो. तो थोडा थांबला आणि हसून म्हणाला, "मग? पोचला का माझ्या घरी सुखरूप असल्याचा निरोप?"

पोचला म्हटलं.

जय हिंद.